सैल हँडलभोवतीचे खराब झालेले लाकूड कसे दुरुस्त करावे

सांगलीतील आमच्या घराच्या मधल्या खोलीच्या दाराचे हँडल दहा वर्षांत चार वेळा आवळले गेले, दोनदा जाड स्क्रू मारून बसवले गेले, एकदा रंगाऱ्याने त्याच्या भोकांत लांबी (पुट्टी) भरली, आणि अखेर एका दुपारी ते प्लेटसकट हातात आले. प्लेटखाली पाहिले तर लाकूड म्हणावे असे फारसे काही उरलेच नव्हते. चार भोकांपैकी दोन एकमेकांत मिसळून त्यांची खाच झाली होती, दाराच्या कडेला वीतभर तडा गेला होता आणि लांबीचे तुकडे खडूसारखे खाली पडत होते. स्क्रू लाकडाच्या तंतूंना धरून राहतो, लांबीला नाही, ही साधी गोष्ट तेव्हा डोळ्यांना दिसली. म्हणून जिथले लाकूड गेले आहे तिथे लाकूडच घालायचे आणि लांबी केवळ वरून दिसणारी रेघ बुजवण्यापुरती वापरायची, या एका नियमावर पुढची सगळी दुरुस्ती उभी आहे.

आधी हे लाकूड खराब का होते ते समजून घ्यावे, नाहीतर दुरुस्ती वर्षभरात पुन्हा करावी लागते. घरातल्या दारांची जाडी बहुधा ३० ते ३५ मिमी असते. त्यात मॉर्टिस लॉक, म्हणजे दाराच्या कडेतून आत सरकवून बसवलेले कुलूप, घालण्यासाठी सुतार मधोमध १५-१६ मिमी रुंदीचा खोल खण कोरतो. हिशेब केला तर ३० मिमीच्या दारात खणाच्या दोन्ही बाजूंना जेमतेम ७ मिमीची भिंत उरते, आणि हँडलच्या प्लेटचे निदान दोन स्क्रू नेमके त्या पातळ भिंतीत जातात. खणाच्या बाहेर पडणाऱ्या स्क्रूंची गोष्ट वेगळी असली तरी फारशी बरी नसते, कारण दोन्ही बाजूंच्या प्लेटा समोरासमोर असल्याने दोन्हीकडून १९ मिमीचे स्क्रू मारले की प्लेटची जाडी वजा जाऊनही त्यांची टोके दाराच्या पोटात एकमेकांवर आदळतात. मग स्क्रू पुढे जात नाही, कारागीर जोर लावतो आणि धरलेले तंतू तुटतात. आपल्याकडे स्क्रू अर्धा हातोडीने ठोकून शेवटचे दोन फेरे फक्त आवळण्याची जी पद्धत पडली आहे, तिने तर बसवल्या दिवशीच भोक मोठे झालेले असते. माझ्या मते निम्मी हँडले या हातोडीमुळेच सैल होतात.

उरलेले काम हवा करते. लाकूड दमट हवेत आडव्या अंगाने फुगते आणि कोरड्या हवेत आक्रसते, तंतूंच्या दिशेने मात्र ते जवळजवळ हलत नाही. सातारा आणि सांगली जिल्ह्यांत हा फरक फार मोठा आहे. महाबळेश्वरला वर्षाला ५००० मिमीहून अधिक पाऊस पडतो, तर माण, आटपाडी किंवा जतकडे त्याचा साधारण दहावा हिस्साच. पाटण, जावळी किंवा शिराळ्याच्या घरात जुलै-ऑगस्टमध्ये दार चौकटीत अडकते, ते उघडण्यासाठी माणूस हँडलला लोंबकळल्यासारखा ओढतो आणि तो सगळा ताण त्या ७ मिमीच्या भिंतीवर येतो. पूर्वेकडच्या तालुक्यांत दार अडकत नाही, पण एप्रिलच्या उन्हात लाकूड आक्रसते आणि घट्ट बसलेला स्क्रूसुद्धा हळूहळू सैल होतो.

हँडल काढून आत पाहावे

दार उघडे ठेवून खाली दोन्ही बाजूंनी लाकडी पाचर मारावी, आणि हँडल काढल्यावर दार चुकूनही लोटू नये. हँडलची चौकोनी सळई बाहेर असताना कुलपाची जीभ चौकटीत बसली, तर आतला माणूस आतच राहतो. आमच्याकडे असा प्रसंग एकदा घडला आणि शेजाऱ्यांच्या पक्कडीने सुटका झाली, तेव्हापासून मी जिभेवर आधी चिकटपट्टी लावतो.

अनेक हँडलांना मानेच्या खालच्या बाजूला डोके नसलेला बारीक स्क्रू असतो, जो षट्कोनी एलन कीने सुटतो. हँडल फक्त डुगडुगत असेल आणि प्लेट जागेवर घट्ट असेल, तर दोष याच स्क्रूचा असतो. तो आवळला की काम संपते, लाकडाला हात लावण्याची गरज नाही. प्लेट हलत असेल तर मात्र दोन्ही बाजूंचे स्क्रू काढून प्लेटा, सळई आणि कुलूप बाजूला काढावे, आणि कोणता स्क्रू कोणत्या भोकाचा हे कागदावर चित्र काढून त्यात टोचून ठेवावे.

आता बॅटरीच्या उजेडात भोकांच्या आत पाहावे, कारण पुढची पद्धत आत काय आहे यावरच ठरते. जुन्या सागवानी दारात भोकाच्या कडा कडक आणि तपकिरी दिसतात. फ्लश डोअरमध्ये वर प्लायचा पातळ थर आणि आत लाकडी पट्ट्या चिकटवलेल्या दिसतात. काही दारांत आत भुशाचा दाबून केलेला बोर्ड असतो, तो नखाने खरवडला की पीठ होते. वरून नक्षी उठवलेली मोल्डेड दारे तर बहुतेक पोकळच असतात, कुलपापुरता एक ठोकळा सोडला तर स्क्रूला धरायला आत काहीच नसते. भोकाभोवतीचे लाकूड काळे आणि मऊ झाले असेल, तर तिथे ओल येऊन लोखंडी स्क्रू गंजला आहे असे समजावे. असे लाकूड पूर्ण खरवडून काढल्याशिवाय त्यावर सरस किंवा फेविकॉल काहीही धरत नाही. मातीच्या नळ्या दिसल्या तर वाळवी आहे, आणि मैद्यासारखी बारीक पूड गळत असेल तर लाकूड पोखरणारा किडा आहे. या दोन्ही बाबतींत आधी औषध मारून घ्यावे आणि दुरुस्ती नंतर करावी.

केवळ भोक मोठे झाले असेल तर

हा सर्वांत सोपा प्रकार आहे. घाईच्या वेळी फेविकॉलमध्ये बुडवलेल्या काड्यापेटीच्या काड्या भोकात ठासून स्क्रू मारण्याचा उपाय सगळेच करतात. तो अगदीच टाकाऊ नाही, पण काडीचे लाकूड फार मऊ असते, म्हणून त्यापेक्षा बांबूच्या किंवा सागाच्या चिरफळ्या घ्याव्यात. रोज हाताळल्या जाणाऱ्या दारासाठी मात्र खुंटी मारणे चांगले.

त्यासाठी बिघडलेले भोक ८ किंवा १० मिमीच्या बिटाने सरळ आणि स्वच्छ करून घ्यावे. बिटावर हव्या त्या खोलीला चिकटपट्टी गुंडाळली म्हणजे दार आरपार भोसकले जाण्याची भीती राहत नाही. त्याच जाडीची कडक लाकडाची खुंटी कापावी, तिच्या अंगावर कानशीने एक-दोन उभ्या रेघा ओढाव्यात आणि भोकाला व खुंटीला दोघांनाही फेविकॉल लावून ती हलक्या हाताने ठोकावी. रेघा नसतील तर आत कोंडलेली हवा आणि फेविकॉल यांना बाहेर यायला वाट मिळत नाही, आणि अशा वेळी पातळ भिंत फाटताना मी पाहिली आहे. चोवीस तास तिला हात लावू नये. नंतर वर राहिलेला भाग पटाशीने सपाट कापावा.

खुंटीची एक मर्यादा सांगितली पाहिजे. तिचे तंतू स्क्रूच्याच दिशेने उभे असतात आणि तंतूंच्या दिशेने मारलेला स्क्रू आडव्या तंतूंत मारलेल्या स्क्रूइतका पक्का बसत नाही. प्लेटच्या बारीक स्क्रूंना ती पुरते. बाथरूमच्या दाराला असते तसे ओढायचे डी-आकाराचे हँडल असेल, तर खाली सांगितल्याप्रमाणे ठिगळ घालावे किंवा आरपार बोल्ट वापरावेत.

भोकात पूर्वीच्या कुणी फेविकॉल ओतलेला असेल तर तो आधी खरवडून काढावा, कारण वाळलेल्या फेविकॉलवर नवा फेविकॉल नीट धरत नाही. सागवानात आणखी एक अडचण येते. त्याच्या अंगचे तेल चिकटू देत नाही, म्हणून चिकटवण्याच्या थोडे आधी ती जागा थिनर लावलेल्या फडक्याने पुसावी आणि थिनर उडून गेला की लगेच काम करावे.

कडेला तडा गेला असेल तर

तडा कुलपाच्या खणाजवळून वर-खाली तंतूंच्या दिशेने धावतो. तो बाहेरून लांबीने बुजवला तर दिसेनासा होतो, पण दोन्ही फळ्या आतून सुट्याच राहतात आणि हँडल पहिल्यांदा ओढताच पुन्हा उघडतात. म्हणून तडा बुजवण्याआधी तो थोडा उघडावा लागतो. पातळ पटाशी किंवा जुनी सुरी आत सरकवून फट जेमतेम रुंद करावी, आतली धूळ फुंकून काढावी आणि औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या सिरिंजने, सुई न लावता, फेविकॉल फटीच्या टोकापर्यंत जाईल असा भरावा. सुरीचे पाते दोन-चार वेळा पुढेमागे केले की तो आत खोलवर उतरतो. मग कुलपाच्या खणात त्याच्या नेमक्या जाडीची फळी मेणकागदात गुंडाळून सारावी, नाहीतर क्लॅम्प आवळताना खणाच्याच भिंती आत चेपतात. क्लॅम्पच्या दोन्ही जबड्यांखाली लाकडाचे सपाट तुकडे ठेवावेत. फेविकॉल फटीच्या सबंध लांबीवर मोत्यांसारखा बाहेर आला म्हणजे दाब पुरेसा झाला. त्यापुढे आवळत राहिल्यास सगळा फेविकॉल बाहेर निघून सांधा कोरडा पडतो. बाहेर आलेला फेविकॉल ओल्या फडक्याने तेव्हाच पुसावा, कारण वाळल्यावर त्या डागावर पॉलिश चढत नाही.

क्लॅम्प घरात नसेल तर दोरीचा फास घालून त्यात काठी पिळण्याची बैलगाडीवरची युक्ती इथेही चालते.

ठिगळ घालणे

लाकूड चेपून किंवा निघून गेले असेल, दोन भोके मिळून खाच झाली असेल, तर ठिगळावाचून इलाज नाही. या कामाला वेळ लागतो, पण नीट केलेले ठिगळ दाराच्या आयुष्यभर टिकते, म्हणून त्याची घाई करू नये.

लाकूड निवडताना दाराच्याच जातीचा तुकडा मिळाला तर उत्तम. सांगलीच्या टिंबर एरियातील वखारींत किंवा ओळखीच्या सुताराच्या कोपऱ्यात सागाचे असे तुकडे पडलेले असतात. नवा ओला तुकडा घेण्यापेक्षा जुन्या खिडकीचा किंवा मोडक्या पाटाचा घ्यावा, कारण त्याचे आक्रसणे केव्हाच होऊन गेलेले असते. आपल्या दाराला ठिगळ घालायचे आणि ते चार महिन्यांनी स्वतःच आक्रसून सुटायचे, असे होऊ नये.

आखणी करताना हँडलची प्लेट जागेवर ठेवून तिची बाह्यरेषा पेन्सिलने काढावी. ठिगळ शक्यतो या रेषेच्या आतच बसवावे, म्हणजे सगळे काम प्लेटखाली झाकले जाते आणि रंग जुळवण्याची कटकट उरत नाही. खराबी रेषेबाहेर गेली असेल तर माझा प्रामाणिक सल्ला असा की थोडी लांब प्लेट असलेले नवे हँडल घ्यावे. रंग जुळवण्यात दोन दिवस घालवण्यापेक्षा तो खर्च परवडतो. फक्त नव्या प्लेटवरील हँडल आणि किल्लीच्या भोकामधले अंतर आपल्या कुलपाशी जुळते ना, हे जुनी प्लेट सोबत नेऊन दुकानातच पाहावे.

ठिगळाचे तंतू दाराच्या तंतूंशी समांतर, म्हणजे बहुधा उभे, असले पाहिजेत. तुकडा आधी कापावा आणि मग तो दारावर ठेवून त्याच्याभोवती टोकदार सुरीने रेघ मारावी. उलट क्रमाने, म्हणजे आधी खाच खोदून मग तिच्या मापाचा तुकडा कापायला गेले, तर फट हमखास राहते. तुकड्याच्या कडा खालच्या बाजूला किंचित आत उतरत्या घासल्या तर तो पाचरीसारखा आवळत बसतो. सुरीची रेघ दोन-तीनदा खोल केल्यावर १२ मिमीच्या धारदार पटाशीने आतले लाकूड थोडे थोडे काढावे. पटाशीचा उतार कचऱ्याच्या बाजूला आणि सपाट पाठ रेघेकडे असावी. खाचेची खोली सगळीकडे सारखी आणि तुकड्याच्या जाडीपेक्षा एक-दीड मिमीने कमी ठेवावी, म्हणजे तुकडा वर थोडा राहतो आणि नंतर रंध्याने सपाट करता येतो. कुलपाच्या खणाची भिंतच नाहीशी झाली असेल, तर खणात मेणकागदाची फळी सारून तिच्या आधाराने नवी भिंत उभी करावी.

दारावर सनमायका असेल तर पटाशी लावण्याआधी सुरीने लोखंडी पट्टीच्या आधाराने तो पुरता कापून घ्यावा. पटाशीच्या ठोक्याने सनमायक्याचे कंगोरे उडतात आणि ती कपची पुन्हा नीट चिकटत नाही. अशा वेळी ठिगळ सनमायक्याच्या पातळीपर्यंतच ठेवावे आणि रंधा न लावता लाकडी ठोकळ्याला गुंडाळलेल्या १२० नंबरच्या पॉलिश पेपरने हळूहळू सपाट करावे.

भुसभुशीत लाकूड आणि पुरात भिजलेली दारे

भुशाच्या बोर्डात पटाशीचे ठिगळ बसत नाही, कारण त्याला कडाच धरत नाहीत. तिथे दोन नळ्यांतील मिश्रणाचा इपॉक्सी चिकटा उपयोगी पडतो. सुटा झालेला भुसा खरवडून टाकावा, पाकिटावर दिलेल्या प्रमाणात दोन्ही भाग कालवून त्यात चाळलेला लाकडाचा भुसा चटणीइतका घट्ट होईपर्यंत मिसळावा आणि भोकात थरांनी दाबून भरावा. पटकन वाळणाऱ्या प्रकारापेक्षा सावकाश वाळणारा घ्यावा, कारण त्याला तंतूंत मुरायला वेळ मिळतो. हातमोजे घालावेत आणि खिडकी उघडी ठेवावी.

पोकळ दारात इपॉक्सी आत गळून जातो, म्हणून तिथे सरळ आरपार बोल्टच वापरावेत. एका बाजूच्या प्लेटमधून बोल्ट घालून दुसऱ्या बाजूच्या प्लेटमधील आट्याच्या नळीत तो आवळला की दोन प्लेटा एकमेकींना धरतात आणि लाकडावर ओढ येतच नाही. अनेक मॉर्टिस कुलपांच्या पेटीत अशा बोल्टसाठी भोके ठेवलेली असतात. नसतील तर बोल्ट पेटीच्या वर आणि खाली टाकावेत. आमच्या मधल्या खोलीचे हँडल मी शेवटी असेच बसवले. मात्र हे बोल्ट बेताने आवळावेत, जास्त पिळल्यास पोकळ दाराची पातळ कातडी आत चेपते आणि कुलपाची जीभ अडकते.

ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली, तेव्हा सांगलीच्या सखल भागांत हँडलच्या उंचीपर्यंत, म्हणजे जमिनीपासून सुमारे मीटरभर, आणि त्याहूनही वर पाणी अनेक घरांत होते. त्या दारांपैकी बरीच बाहेरून अजून ठीक दिसतात. अशा दारावर हँडलच्या आसपास बोटाच्या पेराने टकटक करावी. आवाज पोकळ, फुटका आला किंवा कडेला प्लायचे थर पानांसारखे सुटलेले दिसले, तर त्यावर कष्ट करू नयेत. साध्या एमआर (केवळ दमटपणा सोसणाऱ्या) दर्जाच्या प्लायचा चिकटा पाण्यात दिवसेंदिवस टिकण्यासाठी नसतोच, आणि थर एका ठिकाणी सुटले की पुढे सुटतच जातात. तिथे दार बदलणेच शहाणपणाचे, आणि नवे घेताना निदान तळमजल्यासाठी पाण्याला टिकणाऱ्या चिकट्याचे, आयएस २२०२ या भारतीय मानकाचा शिक्का असलेले फ्लश डोअर मागावे. सागवानी दार मात्र पुरात भिजले तरी सावलीत दोन-तीन महिने वाळवून वाचवता येते, फक्त वाळेपर्यंत त्यात स्क्रू मारू नये.

पुन्हा बसवणे

नव्या लाकडात स्क्रू थेट मारू नये. प्लेट सळईवर बसवून, हँडल खालीवर करून जीभ सहज सरकते हे पाहावे आणि मगच भोकांच्या मध्यावर टोच्याने खूण करावी. सहा नंबरच्या स्क्रूसाठी २ ते २.५ मिमीच्या बिटाने आधी वाट पाडावी. स्क्रूच्या आट्यांना मेणबत्तीचे मेण लावावे आणि तो हातानेच, ड्रिल मशीन न वापरता, प्लेटला टेकेपर्यंत फिरवावा. टेकल्यावर पाव फेरा पुरे. समोरच्या बाजूच्या स्क्रूशी टक्कर होत असेल तर स्क्रू आखूड घ्यावेत किंवा आरपार बोल्ट वापरावेत. गंजलेले जुने स्क्रू पुन्हा वापरू नयेत, दमट घरात स्टेनलेस स्टीलचे घ्यावेत.

प्लेटच्या बाहेर ठिगळाची कड दिसत असेल तर तिथे आता लांबी चालेल. रंगाच्या दारावर प्रायमर, लांबी आणि रंग असा क्रम ठेवावा. पॉलिशच्या दारावर त्याच लाकडाचा बारीक भुसा आणि फेविकॉल कालवून रेघ भरावी, १८० आणि मग २२० नंबरचा पॉलिश पेपर तंतूंच्या दिशेने फिरवावा आणि स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या चपडा लाखेचे पातळ हात द्यावेत. मिरजेचे सतारमेकर लाखेचे काम कसे करतात ते ज्यांनी पाहिले असेल, त्यांना पातळ हाताचे मोल वेगळे सांगायला नको. पावसाळी दमट दिवशी लाखेवर पांढरी झाक येते, तेव्हा हे काम उन्हाच्या दिवसासाठी ठेवावे.

दार चौकटीत घासत असेल तर हँडलच्या दुरुस्तीबरोबरच तेही काम संपवावे. आधी बिजागऱ्यांचे स्क्रू तपासावेत, कारण वरची बिजागरी सैल झाली की दार कुलपाच्या बाजूला खाली उतरते. त्या घट्ट असूनही दार घासत असेल तर चौकटीवर खडू घासून दार लावावे, जिथे खडू उठेल तिथेच रंधा मारावा. ऑगस्टमध्ये फुगलेले दार बेताबेताने एक मिलिमीटरच घासावे. त्या वेळी मोकळे फिरेल इतके तासले तर मार्चमध्ये फटीतून पलीकडची खोली दिसते. तासलेल्या कडेला, आणि रंगारी बहुतेक वेळा विसरतात त्या दाराच्या वरच्या व खालच्या कडेलाही, रंगाचे किंवा पॉलिशचे दोन हात द्यावेत. ओल तिथूनच आत शिरते.

आठ-दहा दिवसांनी प्लेटचे स्क्रू एकदा तपासून पाहावेत. कुलपाची जीभ अडखळत असेल तर त्यात खोबरेल तेल घालू नये, ते धुळीशी मिसळून चिकट होते. शिसपेन्सिलीची पूड कागदाच्या घडीवरून आत फुंकली की पुरते.